त्र्यंबकजीचं गाणं शोधताना

आमच्या बाबांचा पहिला फॉरवर्ड सकाळी सव्वासहाला येतो, दुधाच्या पिशवीच्याही आधी. 16 एप्रिलला तर येणारच, कारण ठाणेकर माणूस बाकी काहीही विसरेल पण पहिली रेल्वे आपल्या गावाला आली होती हे काही विसरत नाही. यंदाच्या फॉरवर्डमध्ये सीएसएमटीचा फोटो होता, तीच घुमटवाली इमारत, आणि खाली लिहिलेलं की याच भव्य स्थानकातून 1853 साली आशियातली पहिली ट्रेन ठाण्याकडे निघाली, अभिमान असेल तर पुढे पाठवा. बाबांना अभिमान आहे. त्यांनी पुढे पाठवलं.

भावाची मुलगी नववीत आहे. दात घासता घासता तिने तो फोटो बघितला आणि म्हणाली, "आत्या, ही बिल्डिंग तर नंतरची ना गं?"

आता मी वागळे इस्टेटला एका कंपनीत अकाउंट्स बघते. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरनंतर संपलेला, तोही सनावळ्या पाठ करून. पण पोरीने विचारलं आणि मला उत्तर येईना, मग ट्रेनमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर शोधलं तर खरंच, त्या इमारतीचं कामच 1878 ला सुरू झालेलं. 1853 ची गाडी सुटली ती बोरीबंदरहून, दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी, 14 डबे, 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. एवढं सगळीकडे सारखंच सापडतं. पण रेल्वेवेड्या लोकांनी हौसेने चालवलेली आयआरएफसीए नावाची एक साइट आहे, दिसायला अगदी जुनाट, वीस वर्षांपूर्वीच्या सायबर कॅफेची आठवण यावी अशी, तिथे गेले तर कळलं की पहिली गाडी म्हणायचं असेल तर मद्रासजवळ 1837 ला दगड वाहायला रेड हिल रेल्वे होतीच, आणि रुडकीला गंगा कालव्याच्या कामावर माती ओढायला 22 डिसेंबर 1851 ला थॉमसन नावाचं इंजिन धावलेलं होतं. आपली ती तिकीट काढून बसायची, प्रवाशांची पहिली. संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "दगडमातीला काय विचारतेस, माणसं ठाण्यालाच आली ना?"

मुद्दा बरोबरच होता त्यांचा.

तर इथून हे वेड लागलं. त्यात पोरीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं, 'आपल्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू', आणि तिने निवडला ठाण्याचा किल्ला. तुम्ही म्हणाल ठाण्याला कुठला किल्ला? बरोबर, बऱ्याच ठाणेकरांनाही माहीत नसतं, कारण आपण त्याला सेंट्रल जेल म्हणतो. पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास बांधायला काढला, पुरा व्हायच्या आतच 1737 ला मराठ्यांनी घेतला, मग 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी, आणि पुढे तुरुंगच झाला. नाशिकच्या जॅक्सन खटल्यातल्या अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं, 19 एप्रिल 1910 ला. आणि त्याच्या शंभरेक वर्षं आधी इथून एक कैदी पळाला होता, त्र्यंबकजी डेंगळे.

त्र्यंबकजी म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचा खास माणूस. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा 1815 च्या जुलैत पंढरपूरला खून झाला, इंग्रजांनी ठपका त्र्यंबकजीवर ठेवला, पेशव्यावर दबाव आणून त्याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात टाकलं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई, म्हणजे कुणी फितायला नको. आणि इथेच गंमत झाली. किल्ल्यातल्या एका साहेबाचा मराठी मोतद्दार होता, तो घोडा फिरवता फिरवता, खरारा करता करता गाणं म्हणायचा, आणि त्या गाण्यातून वर खिडकीत बसलेल्या त्र्यंबकजीला सगळा बेत सांगायचा. गोऱ्यांना मराठी येतंय कुठे! सप्टेंबर 1816 मध्ये एका रात्री पक्षी उडाला.

ही गोष्ट मी एका ब्लॉगवर वाचली आणि अक्षरशः अंगावर काटा आला, कारण तिथे खाली ते मूळ मराठी गाणंच दिलेलं होतं. आठ ओळी. झुडपाआड धनुर्धारी लपलेत, झाडाखाली घोडा उभा आहे, पंचावन्न घोडे आहेत आणि स्वार चोपन्न, पंचावन्नावा चढला की दख्खनला पुन्हा बरे दिवस, असं काहीतरी. मी ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी पोळी हातात तशीच धरून ऐकलं, आणि दहा मिनिटांत ते सोसायटीच्या ग्रुपवर, नात्यातल्या दोन ग्रुपवर आणि निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर गेलेलं होतं.

रात्री झोप येईना. आमच्या धंद्यात एक सवय लागते, कितीही खरी वाटणारी एंट्री असली तरी हात आपोआप व्हाउचर शोधतो. या गाण्याचं व्हाउचर कुठाय? मोतद्दाराने म्हटलेलं गाणं लिहून कुणी घेतलं, गोऱ्यांना तर कळलंच नव्हतं म्हणता, आणि जो पळाला तो काय डायरी लिहीत होता? शिवाय ते धनुर्धारी मला टोचत होते. 1816 साली रानात भिल्लांकडे धनुष्यबाण असतीलही, नाही असं नाही, पण मराठी मोतद्दाराच्या तोंडी 'धनुर्धारी'? भालाईत म्हटलं असतं तर मी मुकाट्याने झोपले असते.

साडेअकराला उठून लॅपटॉप उघडला. ब्लॉगच्या खाली काही नाही, संदर्भ म्हणून 'इंटरनेट व विविध ग्रंथ'. हे विविध ग्रंथ मला फार छळतात. मग ओळ कॉपी करून शोधली तर तेच गाणं आणखी सहा-सात ठिकाणी, एका ठिकाणी तर ब्लॉगवाल्याची व्याकरणाची चूकसुद्धा जशीच्या तशी. सात जण एकच गोष्ट सांगतायत म्हणून ती सातपट खरी होत नाही, एकाच बिलाच्या सात झेरॉक्स आहेत त्या, पण मोबाईलवर खाली खाली सरकवताना ते लक्षात येत नाही.

आणि मग मला एक असा साधा शोध लागला जो खरं तर कुणीतरी शाळेतच सांगायला हवा होता. जुनं काही शोधायचं असेल तर नाव जुन्या स्पेलिंगने टाकायचं. आपण इंग्रजीत त्र्यंबकजी लिहून शोधतो ते आजच्या पद्धतीने, शेवटी जे आणि आय. त्या काळचा साहेब लिहायचा बी-यू-सी-के आणि शेवटी जे-डबल-ई, कधी मधला सी गाळून. ते टाकल्याबरोबर ब्लॉग सगळे गायब झाले आणि खालून दीडदोनशे वर्षांपूर्वीची पुस्तकं वर आली, जसं काही तळ्याचं पाणी सोडल्यावर जुने दगड दिसावेत. ठाण्याचंही तसंच, टी-एच-ए-एन-ए तर आहेच पण त्याहून जुनं टी-ए-डबल-एन-ए, पुढे कधी एच लावून. वसई म्हणजे बसीन. साष्टी म्हणजे सालसेट. ही चार-पाच स्पेलिंगं मी आता फ्रिजवर चिकटवून ठेवलीत, वीजबिलाच्या शेजारी.

ही पुस्तकं बहुतेक आर्काइव्ह डॉट ऑर्गवर आहेत. 1996 पासून चाललेली साइट, फुकट, आणि तिथे आपला ठाणे जिल्ह्याचा जुना गॅझेटियर आख्खा आहे, कॅम्पबेलने संपादलेला, 1882 चा, 13 वा खंड दोन भागांत आणि 14 वा खंड नुसता गावं आणि ठिकाणांवर. तो 14 वा खंड मी खरंच रोज रात्री थोडा थोडा वाचते, लोक सिरियल बघतात तसा. पण आर्काइव्हवर शोधणं म्हणजे रविवारी सकाळी जांभळी नाक्याला भाजी आणायला जाणं, माल सगळा आहे पण पाटी कशावरच नाही. खास करून डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियावाली भारतीय पुस्तकं, कुणीतरी ती घाईघाईने स्कॅन केली असणार, मराठी नावं इंग्रजीत वाट्टेल तशी टाइप केलीत, लेखकाच्या जागी प्रकाशक, काही पानं तिरकी, आणि एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय. मला तो अंगठा फार आवडतो. कुणीतरी बसून एकेक पान उलटत होतं हो.

तर त्या रात्री पाऊण वाजता मी पोचले बिशप हीबरपर्यंत. रेजिनाल्ड हीबर, कलकत्त्याचा बिशप, 1824-25 मध्ये हिंदुस्थानभर फिरला, 1826 ला त्रिचिनापल्लीला वारला, आणि त्याचं प्रवासवर्णन 1828 ला छापलं गेलं. त्याने त्र्यंबकजीला चुनारच्या किल्ल्यात पाहिलं होतं, कारण नंतर 1818 ला तो पुन्हा पकडला गेला आणि तिकडे पाठवला गेला. पळण्याची ही गोष्ट हीबरने ऐकली आणि गाण्याचा भावार्थ म्हणून इंग्रजीत आठ ओळी दिल्या, चांगल्या यमकं जुळवलेल्या, विलायती बॅलडच्या चालीच्या. झुडूप, झाड, पंचावन्न, चोपन्न, सगळं त्याच क्रमाने. आणि हो, धनुर्धारी. इंग्रजी बॅलडमध्ये ते असतातच, रॉबिन हूडच्या देशातला माणूस.

म्हणजे जे गाणं मी डोळ्यांत पाणी आणून वाचलं ते मोतद्दाराचं नव्हतंच. कुण्या मराठी माणसाने हीबरच्या इंग्रजीवरून ते मराठीत आणलं, आणणाऱ्याने कदाचित प्रामाणिकपणे तसं सांगितलंही असेल, पण कॉपी-पेस्टच्या प्रवासात 'भाषांतर' हा शब्द गळाला आणि 'मूळ' हा शब्द चिकटला. खरं मराठी गाणं हवेत गेलं ते गेलंच.

वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू, ताळेबंद जुळत नसताना रात्री एकला ती साडेतीनशे रुपयांची चूक सापडते ना, तसं वाटलं. घरात सगळे झोपलेले, सांगायचं कुणाला.

तेव्हापासून साइट चांगली की वाईट हे ठरवायची माझी एकच पद्धत झालीये. दिसायला कशी आहे, किती लाईक आहेत, लिहिणारा किती आवेशात आहे ते बघत नाही, आवेश जास्त असला तर उलट पाकीट सांभाळते. बघते एवढंच की हा माणूस मला त्याच्या साइटवरून बाहेर जायचा रस्ता देतोय का. अमुक पुस्तक, अमुक पान, जा आणि बघ. देत असेल तर त्याच्या चुकाही मी माफ करते कारण त्या मला सापडू शकतात. मराठी विश्वकोश त्या बाबतीत बरा, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला, आता 20 खंड ऑनलाइन, नोंदीखाली लेखकाचं नाव आणि संदर्भ. नोंदी जुन्या आहेत, काही फारच त्रोटक, पण माणूस सही करून उभा आहे मागे. विकिपीडियाला लोक उगाच नाकं मुरडतात, मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे आणि मजकूर काही पानांवर अगदीच कच्चा आहे हे खरं, पण तिथे वर 'इतिहास पहा' असं बटण असतं, दाबलं की कुणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं, आणि चर्चा पानावर लोक एकमेकांशी भांडलेले असतात. लेखापेक्षा ते भांडण वाचा, कुठे दुखतंय ते लगेच कळतं.

सरकारी साइटही वाटतात तितक्या वाईट नाहीत, फक्त संयम लागतो. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल आहे, तिथे जुन्या फायलींच्या नोंदी आणि बऱ्याच फायलींचे स्कॅन बघायला मिळतात. इंडियन कल्चर नावाचं पोर्टल 2019 ला आलं, तिथेही जुनी पुस्तकं आहेत. मी तिथे एकदा काहीतरी शोधायला गेले आणि दुसरंच वाचत दीड तास बसले, भात लागला.

पोरीने मध्येच दुसरा घोळ काढला. प्रोजेक्टमध्ये वसईची मोहीम घ्यायची होती आणि तिला एका ठिकाणी पोर्तुगीज शरण आल्याची तारीख मिळाली 5 मे 1739, दुसरीकडे 16 मे. किल्ला प्रत्यक्ष ताब्यात आला तो एकीकडे 12 मे, दुसरीकडे 23 मे. ती म्हणाली यातली एक साइट खोटी आहे, कुठली ते सांग. मीही आधी तेच म्हटलं, आता आपण संशयात पटाईत झालेलो. पण फरक बघा, दोन्हीकडे बरोब्बर 11 दिवस. हा फरक इतका नीटनेटका आहे की ही चूक नसणार, यात काहीतरी पद्धत असणार, रुपये-पैशाच्या हिशोबात फरकाला 9 ने भाग गेला की आकडे उलटसुलट पडलेत असं आम्ही धरतो तसं.

आणि निघालं काय, तर कॅलेंडर. पोर्तुगालने 1582 लाच ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, एका रात्रीत 4 ऑक्टोबरनंतर 15 ऑक्टोबर. इंग्रज अडून बसले ते थेट 1752 पर्यंत, त्यांनी 2 सप्टेंबरनंतर 14 सप्टेंबर केला. म्हणजे 1739 ला वसईच्या तटावरच्या पोर्तुगीजाची तारीख आणि मुंबईच्या कोटातल्या इंग्रजाची तारीख यांत 11 दिवसांचं अंतर, मध्ये एवढीशी खाडी. आणि चिमाजी आप्पांच्या छावणीत तर तारीखच नाही, तिथे तिथी, वैशाख शुद्ध-वद्य आणि शक. आपल्याकडच्या अभ्यासकाने तिथीवरून इंग्रजी तारीख काढताना जुनं कॅलेंडर धरलं की नवं, त्यावर तुमची तारीख ठरणार. शिवजयंतीची 19 फेब्रुवारी 1630 हीसुद्धा जुन्या कॅलेंडरची, नव्याने मोजली तर 1 मार्च येते. पोरीने हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे दोन्ही साइट खऱ्या?" हो. पण दोघींनीही कॅलेंडर कुठलं ते लिहिलं नाही, म्हणून दोघींना निम्मेच मार्क.

एक भीती मात्र बसलीये, ती म्हणजे साइट मरतात. मोडी वाचायला शिकवणारी एक छान घरगुती साइट होती, अक्षरांचे हाताने काढलेले तक्ते, त्या माणसाने बहुतेक फुकटच्या होस्टिंगवर ठेवलेली, दिवाळीत गेले तर पानच नाही. मग आर्काइव्हच्याच वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकला तर अर्धी सापडली, तक्ते आले पण 'ळ'पासून पुढची चित्रं नाहीत. मोठ्यांचंही तेच, ब्रिटिश लायब्ररीवर 2023 च्या ऑक्टोबरात सायबर हल्ला झाला आणि त्यांच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने बंद पडल्या, तेव्हा जगभरचे अभ्यासक हातावर हात धरून बसले. म्हणून आता आवडलं की पीडीएफ उतरवून ठेवते. भाऊ म्हणतो हार्ड डिस्क भरलीये, लग्नाचे फोटो कुठे ठेवू. त्याला म्हटलं लग्नाचे फोटो तूही कधी उघडून बघत नाहीस.

आणि कागदाचंही विसरू नका. आपल्याकडे 1893 सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं, आणि तिथल्या कपाटापाशी उभं राहून चाळताना जे शेजारचं पुस्तक हाताला लागतं ते कुठलंही सर्च इंजिन देत नाही. मी दोन शनिवार गेले. तिसऱ्याला पाऊस होता.

एक ताम्रपटाचं सांगायचं राहिलंच. 1787 ला याच ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचं दानपत्र सापडलं, शके 939, म्हणजे इसवी सन 1017 चं, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेसच्या पहिल्याच खंडात छापलं, 1788 ला. ते मला आर्काइव्हवर शोधून शोधून सापडेना, कारण त्या काळच्या छपाईत शब्दाच्या मधला एस हा एफसारखा लांब काढायचे आणि कॉम्प्युटर बिचारा प्रत्येक ठिकाणी एफ वाचतो. शेवटी मीच सर्चमध्ये एसच्या जागी एफ घातला, बोबडं बोलणाऱ्याशी बोबडं बोलावं तसं, आणि सापडलं. श्रीस्थानक! आपलं ठाणं. हजार वर्षांपूर्वीचं पत्र आणि ते निघालं कुठून तर ज्याच्या भिंतीला लागून मी रोज रिक्षाने जाते तिथून.

प्रोजेक्ट झालं. तिने शेवटच्या पानावर कुठून काय घेतलं ते सगळं लिहिलं, गाण्याखाली 'हे मूळ नाही, हीबरच्या इंग्रजीवरून कुणीतरी केलेलं' असंही. बाबांनाही सांगावं लागलं. ते जरा गप्प बसले, मग चारही ग्रुपवर खुलासा टाकला. गाण्याला 41 अंगठे आले होते, खुलाशाला दोन, त्यातला एक माझा.

रविवारी संध्याकाळी तिला किल्ल्याचा फोटो हवा होता म्हणून आम्ही दोघी गेलो. आत जायचा प्रश्नच नाही, बाहेरूनही फोटो काढू देत नाहीत हे गेल्यावर कळलं. मग नुसत्याच उभ्या राहिलो भिंतीपाशी. ती वर बघत म्हणाली, "आत्या, कुठली खिडकी असेल गं?" मी म्हटलं, माहीत नाही, आणि कुठल्या साइटवर मिळेल असंही वाटत नाही. तिला काय वाटलं कोण जाणे, ती अगदी हळू आवाजात ते पंचावन्न घोड्यांचं गुणगुणायला लागली, चाल तिचीच. दोन ओळी झाल्या असतील नसतील तोच फाटकाकडून पहारेकऱ्याचा आवाज आला, "ओ ताई, कळतंय बरं का गाणं, इथे उभं राहू नका, चला पुढे."

या वेळी पहाऱ्यावरच्या माणसाला मराठी येत होतं.